रंगाऱ्याचा फळा

बोल गं बाई, म्हणून कुणाच्या मिनतवाऱ्या करायचा माझा स्वभाव नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तेव्हाही केल्या नाहीत. खुशनुमाच्या मात्र केल्या.

रहाटणीत माझ्या पुढच्या खोलीत मी बाहेरून आलेल्या बायकांना मराठी बोलायला शिकवते. खुशनुमा बिदरकडची. तिला एक मुलगी, उझ्मा. नवरा रहिमान गॅरेजात गाड्या रंगवायचा. रंगाच्या फवाऱ्यानं छाती धरली, काम सुटलं, आता घरीच असतो. हिला बालवाडीत मदतनीस म्हणून जागा मिळत होती, पण सोमवारी मुलाखत, तीही मराठीत. आणि ही बया चार महिने मुखस्तंभ. फळांची चित्रं दाखवली, बडबडगीतं लावली, पण ही आपली ओढणीचं टोक चाळवत बसायची. चुकायची भीती, दुसरं काय. त्यातून मी शब्दागणिक चूक काढणारी.

शेवटी वैतागून मी रहिमानच्या जुन्या गॅरेजात गेले. म्हटलं, हिच्या ओळखीचं काहीतरी वर्गात न्यावं. गाडीवर रंग मारण्याआधी रंगारी एका प्लायवूडवर फवारा मारून बघतात. रहिमानचं ते प्लायवूड गॅरेजमालक तौफिकशेठनं कोपऱ्यात जपून ठेवलं होतं. ते मागून घेतलं आणि पत्रा ठोकायचा आवाज मोबाईलमध्ये भरून आणला.

शनिवारी प्लायवूड भिंतीला टेकवलं. "या चित्रात काय दिसतंय?"

"होळी," वर्गातली रश्मी म्हणाली. दुसरी म्हणाली, "कचरा." सगळ्या हसल्या. खुशनुमा खाली बघत होती. मग "ऐका, गाडीचं बोनेट ठोकतायत," म्हणत मी आवाज लावला. ठक, ठकठक. ठक, ठकठक.

तिनं मान वर केली. "बोनेट नाही, ताई. दरवाजा आहे. आतून ठोकतात."

ती उठली आणि तिनं प्लायवूडवर बोट ठेवलं. "हा पिवळा, शाळेची बस. हा पोपटी मालकाला आवडला नाही, उझ्माचे अब्बा दोनदा मारला. हा निळा शेवटचा. बघा, इथं हात हलली. खोकला आला होता."

'हात हलला' माझ्या ओठांवर आलं होतं. गिळून टाकलं. दहा मिनिटं ती बोलत होती आणि मला भरून येत होतं. चार महिने मी हिला आंब्याबद्दल विचारत होते, मेलं माझं डोकं.

सोमवारी मी बालवाडीच्या पायरीवर बसले होते. आतून बाईंचा आवाज आला, "मुलं गप्प बसली, तर त्यांना बोलतं कसं कराल?"

आता हिची दातखीळ बसली की संपलं.

मग टेबलावर बोट वाजलं. ठक, ठकठक.

"मुलांनो, सांगा," खुशनुमा म्हणत होती, "कशाची आवाज आहे?"

कशाचा, बाई, कशाचा, असं पुटपुटत मी पदरानं डोळे पुसले.

हल्ली ती वर्गाला अर्धा तास उशिरा येते. बालवाडी सुटल्याशिवाय तिला निघता येत नाही.