आधी कुठे गेलेलीस?

खासदारांच्या नौपाड्यातल्या कार्यालयात आलेला प्रत्येक अर्ज आधी गुणाजीदादांकडे जायचा. महापालिकेचा कोणता, मंत्रालयाचा कोणता आणि दिल्लीचा कोणता, हे ते ठरवायचे. दिल्लीच्या अर्जांवरून मी लोकसभेसाठी प्रश्न लिहायचे. विषय केंद्राचा नसेल तर प्रश्न नामंजूर होतो. वर्षभरात आमचे फक्त दोन झाले होते.

जूनमध्ये आम्हा कर्मचाऱ्यांना शिकवायला स्वानंद नावाचे प्रशिक्षक आले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गुणाजी दहावी नापास. केंद्राचे विषय कोणते, हे त्यांनी कधी वाचलेलं नाही. तरी चुकत नाहीत. कुणीतरी आतून सांगतंय, उत्तरा. लक्ष ठेवा. त्यांची पद्धत लिहून मिळाली नाही, तर त्यांचं कंत्राट वाढवू नका असं मी साहेबांना कळवणार."

माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं. निरीक्षण मला जमतं. दोन आठवड्यांत एकसष्ट अर्ज आले. दर वेळी गुणाजीदादा अर्जदाराला जिन्यात न्यायचे, तीनेक मिनिटांनी परत येऊन अर्जावर खूण करायचे. मी जवळ गेले की बोलणं थांबायचं.

"कसं ठरवता, दादा?"

"अंदाज."

"एकसष्टपैकी अठ्ठावन्न बरोबर. याला अंदाज म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात ते तुम्हीच सांगा, मॅडम. मोजताय तुम्ही."

विरोधकांना बातम्या देत असतील, असंही माझ्या मनात येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी बाळकुमच्या आवडाबाई आल्या. खाडीत गाळ साचून त्यांची होडी अडली होती. दोघं जिन्यात गेली, तेव्हा मी वरच्या वळणावर जाऊन उभी राहिले.

"आधी कुठे गेलेलीस गो?"

"पालिकेत. बोलले, खाडी आमची नाय."

"मग?"

"कलेक्टरकडं. त्यांनी बंदरवाल्यांकडं धाडलं. ते बोलले, जलमार्ग दिल्लीचा."

"म्हणजे दिल्लीच उरली. चल वर."

एवढंच होतं. कोणी कोणी परत पाठवलं ते विचारायचं आणि उरेल तिकडे अर्ज लावायचा. मला हायसं वाटलं. मी लगेच अहवाल लिहिला आणि अर्जात नवा रकाना सुचवला: आधी कुठे गेला होता, काय उत्तर मिळालं?

स्वानंद खूश झाले. "महिनाभर चालवून बघू. जमलं तर हे काम कोणीही करेल."

मी काय करून बसले, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गुणाजीदादांनी छापलेला अर्ज उलटसुलट करून पाहिला. "वाटलेलंच मला. तुम्ही वही घेऊन बसलात ना, त्याच दिवशी."

"दादा, मला वाटलं तुमच्या फायद्याचं होईल."

"हो का," ते म्हणाले आणि अर्ज टेबलावर ठेवला.

महिन्याअखेर सत्तेचाळीस अर्ज जमले. चव्वेचाळीस अर्जांत तो रकाना रिकामा होता. लोक लाजत असतील, असं धरून चालले असते. पण खात्री करायची माझी सवय. मी पुन्हा जिन्याच्या वळणावर गेले.

"त्या शेवटच्या चौकोनात काय लिहू नको," गुणाजीदादा एका म्हाताऱ्याला सांगत होते. "मला तोंडी सांग."

मी आवाज न करता वर आले आणि अहवाल लिहिला. रकाना भरला जात नाही. अर्जदार माहिती तोंडीच देतात. ती घ्यायला गुणाजी लागतील.

स्वानंदांचा फोन आला. "लोक भरत का नाहीत?"

"निरीक्षण एवढंच आहे."

"आणि कारण?"

"ते मी नोंदवलेलं नाही."

त्यांनी फोन ठेवला. त्यांना आता माझाच संशय येत असावा. संध्याकाळी गुणाजीदादांचं कंत्राट वर्षभर वाढवल्याचं पत्र आलं.