मैनेचा डोंगा

वरूडला संत्र्याच्या पेट्या भरताना चंद्रभान ट्रकवरून पडला आणि त्याचा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. पूर्णा नदीकाठचा मासेमार भोई तो. त्यात जुना डोंगा, घरची एकुलती होडी, पुरात वाहून गेलेला. नदी आपल्याला संपली, असं त्यानं मनाशी धरलं होतं. त्याची बायको मैना काठावरून जाळं टाकायची, पण मोठा मासा सारा डोहात.

एके दिवशी ती म्हणाली, "चला, डोंगा पाहाले जाऊ."

डोंगे बनवणाऱ्या खुशालराव मिस्त्रीनं नदीत तीन डोंगे दोरानं बांधून ठेवले होते. चंद्रभानची नजर लांब, निमुळत्या सागवानी डोंग्यावर खिळली. "हाच घे. पाण्यावर सापावानी जाते."

मैनेनं आत उभं राहून जाळं फेकलं आणि डोंगा असा कलंडला की ती कमरेपर्यंत भिजून बाहेर आली. दुसरा डोंगा मोठा, पण एकटीला ढकलवेना. तिसरा आखूड, पसरट, बुडाला सपाट. उरल्यासुरल्या फळ्यांचा. खुशालरावाला तो दाखवायचीही लाज वाटत होती. तिनं त्यातून जाळं फेकलं. डोंगा जरासा डुलला, इतकंच. मग दोर धरून तिनं तो एकटीनं वाळूवर ओढून आणला.

"आता तुमी बसा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी कायले?"

"माह्या हातात जाळं राह्यते. वल्हं कोन मारीन?"

आपल्याला कोणी पुन्हा डोंग्यात बसवेल, हे चंद्रभानच्या ध्यानीमनी नव्हतं. तो चढला, पण ताठ पाय मधल्या आडव्या फळीला अडला.

"मिस्त्रीबुवा, हे फळी हातभर मागं घ्या," मैना म्हणाली.

"डोंगा कमजोर होईन, बाई."

"मंग खालून दुसरी पट्टी ठोका."

खुशालरावानं डोकं खाजवलं, आणि करवत आणली.

पहिल्याच सकाळी डोहात तिचं जाळं जड झालं. दोन्ही पाय फाकवून, दात-ओठ खात ती दोर ओढू लागली. "डावीकडं दाबा!" ती ओरडली. चंद्रभाननं पाय लांब पसरून वल्हं पाण्यात रोवलं. दंडाला जुना जोर आपोआप आला. जाळ्यात हातभर लांबीची, सापासारखी वाम मासोळी वळवळत होती, शिवाय चार रोहू. मैना हसत मटकन खाली बसली. तिच्याकडे बघताना चंद्रभानला वाटलं, इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई आपण आज पाहिली.

डोंगा हळू होता, हे खरंच. बाकीचे भोई पुढं निघून जायचे. पण अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारात मैनेची टोपली रिकामी कधी गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात गावातला श्रावण नवा डोंगा घ्यायला निघाला, तेव्हा चंद्रभानकडे सल्ला मागायला आला.

"मले काय इचारतं?" चंद्रभान ऐटीत म्हणाला. "घरात जा. तिले इचार."