न वाढणारा उंदीर

बाई प्रयोग कधीच बघत नाहीत. खेळ सुरू झाला की त्या रंगमंचाकडे पाठ करून एका बुटक्या खुर्चीत बसतात आणि मुलांकडे बघत राहतात. शहरातल्या शाळांमध्ये फुकट नाटकं, नाच आणि बाहुल्यांचे खेळ घेऊन जाणारी आमची संस्था त्यांनीच उभी केली. नवा खेळ ठेवायचा की नाही हे ठरवायची त्यांची रीत एवढीच. मोठ्यांच्या टाळ्यांवर त्यांचा विश्वास नाही. "मोठी माणसं शेजाऱ्याकडे बघून हसतात," त्या म्हणतात. "पोराला कंटाळा आला की ते सरळ बुटाची नाडी सोडायला घेतं." पहिल्या प्रयोगात नाड्या सुटायला लागल्या तर तो खेळ कपाटात जातो, आणि कपाटातून परत आलेला खेळ अजून कुणी पाहिलेला नाही.

माझी वहिनी या संस्थेत कपडे शिवते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या राजांना झगे आणि दुसऱ्यांच्या राक्षसांना पोटं शिवल्यावर यंदा तिने पहिल्यांदा स्वतःचा खेळ बांधला, सावल्यांचा. गोष्ट तिने माझ्या पुतणीला झोपवताना रचलेली. एक उंदीर असतो, तो जांभई दिली की वाढतो. एका जांभईला बिळात मावेनासा होतो, दुसरीला घरात, मग गल्लीत. शेवटी चंद्रच त्याला म्हणतो, जरा सरकून घ्या. ही गोष्ट ऐकून पुतणी एकदाही झोपली नाही, त्यावरूनच वहिनीने ओळखलं की गोष्टीत दम आहे.

"हा कपाटात गेला ना," आदल्या दिवशी काळ्या पुठ्ठ्याचे कपटे गोळा करता करता ती मला म्हणाली, "तर मी आपली मुकाट्याने मशीनवर बसेन. दुसऱ्यांदा विचारायचं धाडस माझ्याने होणार नाही."

माझ्याकडे दिव्याचं काम होतं. भौतिकशास्त्राची पदवी हातात पडली होती, नोकरी अजून पडायची होती, आणि घरात रिकामा बसलेला दीर ही वहिनीच्या दृष्टीने वाया जाणारी वस्तू होती.

सकाळी आम्ही शाळेत पोचलो तेव्हा हॉलमध्ये पहिली-दुसरीची मुलं सतरंज्यांवर बसलेली होती. मी दिवा लावायला गेलो. बटण दाबलं, काही नाही. दुसरं दाबलं.

"ते दाबून काही होणार नाही," दारातला शिपाई म्हणाला. "बाहेर रस्ता खणलाय, केबल तुटली. दुपारी येईल म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"खणणारेच."

मी फोनचा टॉर्च लावून पाहिला. वहिनीच्या त्या ऐसपैस पांढऱ्या पडद्यावर मधोमध एक फिकट डाग पडला, सांडलेल्या दुधासारखा. वहिनीचा चेहरा उतरला. "पुढच्या आठवड्यात येऊ या का?" तिने बाईंना विचारलं.

"त्यांना आज सांगितलंय," बाई म्हणाल्या. "पोरांना 'पुढच्या आठवड्यात' म्हणजे 'कधीच नाही' असंच ऐकू येतं."

आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली. हॉलच्या एका बाजूला भली मोठी खिडकी होती आणि तिच्यातून कोवळं ऊन थेट आत येत होतं. बाकीच्या खिडक्यांचे पडदे ओढायचे, आपला पडदा या खिडकीसमोर उभा करायचा, आपण खिडकी आणि पडद्याच्या मधे बसायचं. दिव्याच्या जागी सूर्य. मी उंदीर धरून पाहिला. सावली इतकी रेखीव पडली की मिशांचा एकेक केस मोजून घ्यावा.

"अगदी हुशार आहेस बघ," वहिनी म्हणाली. मी नको म्हटलं नाही.

खेळ सुरू झाला. बाई पाठमोऱ्या बसल्या. आमची गाडी चालवणारे ड्रायव्हरकाका आमच्यामागे खिडकीशेजारच्या भिंतीला टेकून पेपर वाचत होते. कलेशी आपला संबंध डिझेलपुरता, असं ते नेहमी सांगतात. वहिनीने उंदराला बिळातून बाहेर काढलं, नाक हुंगायला लावलं, आणि हॉल चिडीचूप झाला. मी पडद्याच्या कडेच्या फटीतून बघत होतो. सगळी तोंडं वर, सगळे बूट स्वस्थ.

"आणि मग," वहिनी म्हणाली, "उंदराने दिली एक जांभई. कशी?"

सगळ्या हॉलने जांभई दिली. सरावाप्रमाणे वहिनीने उंदीर पडद्यापासून हळूहळू मागे, प्रकाशाकडे नेला. घरी दिव्यासमोर हे केलं की उंदीर बघता बघता भिंतभर व्हायचा. इथे तो झाला नाही. कडा तेवढ्या पुसट झाल्या. तिने आणखी मागे नेला. उंदीर होता तेवढाच राहिला, फक्त धुक्यातून आल्यासारखा दिसायला लागला.

"वाढला का?" तिने गोष्टीतल्याच आवाजात विचारलं.

"नाही," मुलं प्रामाणिकपणे म्हणाली.

"अर्धवट दिलीत तुम्ही जांभई. नीट द्या."

मुलांनी टाळूपर्यंत तोंडं उघडून जांभई दिली. समोरचे दात पडलेल्या एका मुलीने तर आवाजही काढला. उंदीर ढिम्म. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवा जवळ असतो, त्याचे किरण पसरत जातात, म्हणून सावली फुगते. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. उंदीर पडद्याजवळ धरा नाहीतर खिडकीत धरा, सावली तेवढीच. हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहून आलो होतो.

"काय झालं याला?" वहिनी कुजबुजली.

"किरण समांतर आहेत."

"मग?"

"मग हा वाढणारच नाही."

वहिनी रागावली की मला अहोजाहो करते. "भावोजी," ती दात आवळून म्हणाली, "तुमचे किरण तुमच्यापाशी ठेवा. मला मोठा उंदीर हवाय."

फटीतून मला दिसलं, तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाने मांडी बदलली. मग तो खाली वाकला आणि त्याचा हात बुटाकडे गेला. नाडीचं एक टोक त्याने धरलं आणि ओढलं. बाईंची मान किंचित त्याच्याकडे वळली.

वहिनीनेही ते पाहिलं. मग तिची नजर आमच्यामागच्या भिंतीकडे गेली.

"काका," ती म्हणाली, "इकडे या."

"मी?" पेपर खाली आला.

"तुम्ही. पोट घेऊन या."

"ते कुठे ठेवून येऊ म्हणता?" काका पुटपुटले, पण उठले. वहिनीने त्यांना पडद्याच्या कडेला आडवं उभं केलं, कानाच्या जागी एक पंजा धरायला सांगितला आणि माझी दिव्याची वायर त्यांच्या पट्ट्यात मागून खोचली. नाकाचं काय करायचं ते काकांनीच ठरवलं. पेपरची पुरवणी गुंडाळून त्यांनी सुळका केला आणि मिशांच्या वर धरला.

"हा शेवटचा प्रयत्न बरं का," वहिनी मुलांना म्हणाली. "उंदीर काय म्हणतोय ऐका. एकट्याला जमत नाही, सगळे मिळून द्या."

जांभई आली, हॉलभरून, लांबलचक. वहिनीने छोटा उंदीर खाली घेतला आणि काकांना पुढे ढकललं.

पडद्यावर एकदम ड्रायव्हरकाकांएवढा उंदीर उभा राहिला. त्याचं पोट पडद्याच्या मधोमध होतं. मिशा खऱ्या होत्या. काकांनी नाक हलवलं, शेपटी डोलावली आणि स्वतःही एक जांभई दिली. ती मात्र खरीच असावी, कारण ती काही केल्या संपेना.

हॉलमध्ये जो गोंधळ उठला तो मला सांगता येणार नाही. मुलं उभी राहिली, बसली, एकमेकांच्या अंगावर पडली. दात पडलेली मुलगी ओरडून सांगत होती, "मी दिली म्हणून झाला, माझ्याने झाला." नाडी सोडलेला मुलगा सुट्या नाडीनिशी उड्या मारत होता. आणि बाईंनी मान वळवली. आधी मान, मग सगळी खुर्चीच.

वहिनीने आता तळहाताएवढा चंद्र वर धरला. या उंदरासमोर तो कोटाच्या बटणाएवढा वाटत होता. "अहो," चंद्र बारीक आवाजात म्हणाला, "जरा सरकून घ्या ना."

हे वाक्य ठरलेलं होतं. उत्तर नव्हतं.

"गाडी लावलीय," उंदीर म्हणाला. "आता हलणार नाही. तुम्हीच मागून वळसा घालून जा."

चंद्राला बोलता येईना, कारण वहिनी पदर तोंडात कोंबून हसत होती. तेवढ्यात सूर्यावर ढग आला. पडदा विझला. उंदीर नाही, चंद्र नाही, काहीच नाही. हॉल एका दमात शांत झाला.

"गिळला त्याने," अंधारातून एक बारीक आवाज आला. "सूर्य गिळला."

वहिनीने काकांकडे पाहिलं. काकांना सांगावं लागलं नाही. त्यांनी एक सणसणीत ढेकर दिली.

ढग बराच वेळ थांबला आणि मुलं हसतच राहिली. वहिनीने तेवढ्यात काकांना हाताने बाजूला सारलं, पुठ्ठ्याचा छोटा उंदीर घेतला आणि तो पडद्याच्या तळाशी आडवा धरून ठेवला. ऊन परत आलं तेव्हा पडद्यावर तोच होता, पहिल्यासारखा लहान, अंग चोरून झोपलेला.

"लागली एकदाची झोप," वहिनी हळूच म्हणाली. "उठवू नका हं."

कुणी उठवलं नाही. मुलं सतरंज्यांवरून पाय न वाजवता बाहेर गेली. शिपायाने दार लावलं तेही हळू.

आम्ही सामान गाडीत भरायला लागलो. पडद्याची घडी वहिनी पुन्हा पुन्हा उलगडून घालत होती. बाई आल्या आणि गाडीच्या दाराला टेकल्या.

"मोठा व्हायला फार वेळ लावला त्याने," त्या म्हणाल्या.

"हो," वहिनी म्हणाली.

"एकाने नाडी सोडली."

"पाहिलं मी."

"तो पोरगा तशाच नाडीने घरी जातोय. गुरुजींनी ती बांधायला दोनदा थांबवलं, थांबायला तयार नाही. आईला उंदीर करून दाखवायचाय म्हणाला." बाईंनी पर्समधून फोन काढला. "पण तुमचा दिवा नको मला. दिव्याने उंदीर फुगतो नुसता. काकांना जागाच राहत नाही."

"मी गाडी चालवतो, बाई," पुढच्या सीटवरून काका म्हणाले.

"चालवा की. नाही कोण म्हणतंय?" तोवर पलीकडे फोन उचलला गेला होता. "नमस्कार. पुढच्या खेळाचं बोलायचं होतं. नाही, खुर्च्या नकोत. तुमच्या हॉलची मोठी खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

वहिनीचे हात घडीवर थांबले.

"पश्चिमेला?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "मग आम्ही दुपारी उन्हं कलली की येतो."

वहिनी पडदा मांडीवर घेऊन गाडीच्या पायरीवर बसली. मग तिने माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली, एका दमात अर्धी संपवली आणि काकांना विचारलं, "काका, दुपारच्या जेवणानंतर जांभई चांगली येते ना तुम्हाला?"