डाव्या हातात धरलेला ओचा

मित्रांनो, मी एक जुने लुगडे आहे. खरे म्हणजे आता अर्धेच आहे, पण अर्ध्या लुगड्यालाही पुरी गोष्ट सांगता येते.

इंग्रजांचे राज्य होते आणि आपले नागपूर मध्यप्रांताची राजधानी होते, त्या काळात पाचपावलीच्या एका हातमागावर मी जन्मले. मला रामाजींनी विणले. अंग गुलबक्षी आणि काठ हिरवागार रेशमी, चांगला वीतभर रुंद. तोवर नागपुरी लुगड्यांचा काठ असायचा दोन-तीन बोटांचा. एवढा रुंद काठ कोणी पाहिला नव्हता, म्हणून जन्मल्या दिवसापासून माझे नाक वर होते.

रुंद काठाची कल्पना मारोतरावांची. इतवारीत त्यांचे कापडाचे दुकान होते. ते रामाजींना सूत देत आणि विणलेला माल विकत. गिरणीचे कापड बाजारात आले तशी हातमागाच्या लुगड्यांना उतरती कळा लागली होती. लग्नसराईत काहीतरी नवे काढले तरच निभाव लागेल, असे त्यांना वाटे. पण माणूस उतावळा नव्हता. "आधी एकच विन, गा," ते रामाजींना म्हणाले. "बायाइले विचारू. त्याइले आवडलं तरच बाकीचं." मित्रांनो, माल बनवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारावे, हे शहाणपण त्या माणसाला होते. विचारायचे कसे, हे मात्र त्यांना कळले नाही. आणि मी तर बोलून चालून लुगडे.

संक्रांतीचे हळदीकुंकू आले. मारोतरावांच्या पत्नी रंभाबाई मला नेसल्या. घर बायकांनी भरून गेले. रंभाबाईंनी प्रत्येकीला हळदकुंकू लावले, तिळगूळ दिला, ओटीत वाण घातले आणि नवऱ्याने पढवल्याप्रमाणे विचारले, "हे नवीन लुगडं चांगलं हाय ना वं?"

"लय शोभून राहिलं तुमाले," एक म्हणाली.

"काठ तर पाहा वं, राणीवानी," दुसरी म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, जिच्या घरचे वाण पदरात पडले तिच्या अंगावरच्या लुगड्याला कोणती बाई नाव ठेवील? आपल्यात तशी रीतच नाही. पण मी एकेक शब्द गोड मानून घेत होते. त्यात रंभाबाई संध्याकाळभर डाव्या हाताने माझा ओचा, म्हणजे कमरेला खोचलेल्या निऱ्या, धरून होत्या. उजव्या हाताने कुंकू लावायच्या, डावा हात ओच्यावरून काढायच्या नाहीत. मला वाटले, केवढा हा जीव माझ्यावर. आज ते आठवले की काठ असता तर त्यात तोंड लपवले असते, असे होते.

जेवताना मारोतरावांनी विचारले, "काय म्हनल्या बाया?"

"चांगलंच म्हनल्या."

"अन् तुले? तुले चांगलं वाटलं ना?"

रंभाबाई पोळीवर तूप वाढत होत्या. "तुम्ही हौसेनं विनून आनलं," त्या म्हणाल्या, "चांगलंच हाय."

झाले. दुसऱ्या दिवशी मारोतराव मला काखोटीला मारून पाचपावलीला गेले. रामाजींच्या दोन्ही मागांवर बारीक काठाचा ताणा, म्हणजे उभे सूत, चढलेला होता. रामाजी जरा घुटमळले. "मालक, हा ताना उतरवला का लग्नसराईत दुसरं काही हाती लागनार नाई. पक्कं हाय ना?"

"सगळ्या बायाइनं पसंत केलं. एकीनंही नाव नाई ठेवलं," मारोतराव म्हणाले. "बेशक उतरव."

रामाजींनी ताणा उतरवला. त्यांनी आणि त्यांची बायको वच्छला हिने दिवसरात्र खपून माझी भावंडे विणली. लग्नसराई सुरू झाली आणि मी दुकानाच्या दर्शनी दांडीवर मिरवू लागले. बायका येत, माझ्यावरून हात फिरवत, तोंडभरून कौतुक करत. मग माझा काठ कमरेशी जरासा मुडपून बघत आणि हळूच म्हणत, "दुसरं दाखवा." हळदीकुंकवाला आलेल्या बायकाही आल्या, पण दुकानातली उरलीसुरली बारीक काठाची लुगडी घेऊन गेल्या. माझी भावंडे घडी न मोडता फळीवर पडून राहिली.

पडलेला माल खपेना, म्हणून मारोतराव रामाजींना नवे सूत देईनात. दोन्ही माग थांबले. रामाजी गिरणीत लागले. रोज सकाळी भोंग्याच्या आधी ते दुकानावरून जात. एका शब्दाने बोलले असते, भांडले असते, तर मारोतरावांना बरे वाटले असते. पण रामाजी थांबून हात जोडत, "राम राम, मालक," म्हणत आणि पुढे जात. त्या राम रामाला तोंड द्यायला नको म्हणून मारोतराव फळीवरचे गठ्ठे उगाच खालीवर करत बसत. दांडीवरून मी ते बघत असे आणि माझा तो वीतभर काठ मलाच जड होई.

पुढे मारोतरावांच्या घरी बहिणीच्या मुलीचे लग्न निघाले. दुकानातून मला घरी आणले आणि रंभाबाई पुन्हा मला नेसल्या. पंगतीला वाढायला उठल्या तर ओचा सुटला. खोचला, पुन्हा सुटला. शेवटी हातातले भांडे खाली ठेवून त्या आत गेल्या आणि जुने लुगडे नेसून आल्या.

"काहून बदललं?" मारोतरावांनी दारातच विचारले.

"याचा ओचा ठरत नाई. काठ जाड पडते, खोचलं का निसटते. हळदीकुंकवालेही मी धरूनच होती."

"मंग तवाच काहून नाई सांगितलं?"

रंभाबाई खाली बघून म्हणाल्या, "तुम्ही कसं हाय असं इचारलं काय? चांगलं हाय ना, असं इचारलं. मले नाई म्हनवलं नाई. अन् त्या बायाइलेही मी तसंच इचारलं." त्यांचे डोळे भरून आले होते. "रामाजी रस्त्यानं जाते तं मीबी खिडकी लावून घेतो."

मित्रांनो, तो डावा हात लाडाचा नव्हता. तो मला आवरून धरत होता. अख्ख्या घराच्या डोळ्यांदेखत तो हात खरे सांगत होता, आणि आम्ही सारे तोंडांकडे बघत होतो.

लग्न उरकल्यावर मारोतराव मला घेऊन रामाजींच्या दारी गेले. "चूक माझी हाय, रामाजी. मले हो ऐकाचं होतं, म्हनून मी तसंच इचारलं."

रामाजी रिकाम्या मागाकडे बघत म्हणाले, "तुम्ही इचारलं तरी, मालक. माझ्या घरात लुगडं नेसनारी बाई हाय. मी तिले एका शब्दानं नाई इचारलं." दारामागे वच्छला उभी होती. ती आत गेली.

त्यानंतर नवा नमुना निघाला की तो कोणाचा हे मारोतराव सांगत नसत. चार घरी देत आणि म्हणत, "नेसा, पानी भरा, दळन दळा. मंग काय बोचलं ते सांगा." त्या जोरावर रामाजींचा एक माग पुन्हा सुरू झाला. दुसरा शेवटपर्यंत रिकामाच राहिला, आणि त्यावर कोळी जाळी विणू लागले.

माझा काठ मारोतरावांनी स्वतःच्या हाताने कापून काढला. उरलेल्या अंगात दुकानाचे नमुने बांधतात, म्हणून मी अजून आहे. मित्रांनो, कोणाला काही विचाराल तर त्याला नाही म्हणायला जागा ठेवून विचारा. आणि तो छान म्हणाला तर त्याच्या तोंडाकडे बघून लगेच हुरळू नका. त्याचा डावा हात काय धरून आहे, तेवढे आधी बघा.