मष्णूचं दुसरं नाव

लग्नात नाव बदलतं ते नवरीचं. आमच्या मष्णूच्या लग्नात नवऱ्याचंच बदललं, आणि तेही सासऱ्यानं. मारुतीरावांचं खडेबाजारात कापडाचं दुकान. मसणाच्या नावाचा जावई चारचौघांत दाखवायची त्यांना लाज वाटली. त्यांनी आपल्या मनानं ‘मनोहर’ ठरवलं. मष्णूही खूश झाला.

त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! मष्णूच्या आईच्या, रुक्माकाकूच्या, थोरल्या मुलाचं नाव मनोहर होतं. प्लेगच्या साली सगळं गाव शेतातल्या झोपड्यांत राहायला गेलं, तेव्हा तो दगावला. मोठ्यांना जाळत, पोरांना ओढ्यापलीकडच्या मसणवटीत पुरत आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचत. त्या सालानंतर तिथं नांगर घालायची कुणाची छाती झाली नाही. काकूची पुढची दोन बाळंही तिथंच गेली. म्हणून चौथा झाला तेव्हा तिनं त्याला मसणवटीच्या मातीवर ठेवलं, “ह्यो तुझाच,” म्हणाली आणि मष्णू नाव देऊन घरी आणला. आपलंच पोर मसण पुन्हा कशाला नेईल? हसणाऱ्यांनी हसावं, पण मष्णू जगला.

तिन्हीसांजेला वरात दारात आली. मी करवली, कळशी घेऊन मागं उभी. बायका नवरीला, गुणाला, म्हणाल्या, नाव घे. काकू उंबऱ्यात आडवी आली.

“मष्णू म्हण गं पोरी. ते दुसरं नाव घिऊ नको. त्या नावाचं माझं पोर पलीकडं निजलंय. उठंल त्ये, आन् ह्येला न्हील.”

“आये, पुरं की आता,” मष्णू वैतागला. “मसणाचं नाव किती दिस मिरवू?”

गुणानं बापाकडं पाहिलं आणि घडाघडा म्हणून टाकलं, “हिरवा चुडा, गळ्यात हार, मनोहररावांसंगं ओलांडते दार.”

बायका हसल्या आणि एकदम मागं वळल्या. ओढ्याकडून कुणीतरी ओ दिली होती. आवाज लहान पोराचा, हाक ऐकून खेळ टाकून निघालेल्या पोराचा. खोटं कशाला सांगू, मला कळशी टाकून पळावंसं वाटलं. मारुतीरावांनीही तिकडंच मान वळवली, म्हणजे तो माझा एकटीचा भास नव्हता.

“आये, आत घे, दार लाव!” मष्णू ओरडला.

काकूनं दोघांना हाताला धरून आत ओढलं. आता ती कडी घालणार, असं आम्हाला वाटलं. या एका पोराला जगवायला तिनं काय काय केलं होतं! पण तिचा हात कडीपर्यंत जाऊन थांबला. ती रडत होती. मग तिनं दार सताड उघडलं आणि बाहेरच्या अंधाराला म्हणाली,

“ये रं मनू. भूक लागली असंल.”