टकली टेकडी

विमान चालवणाऱ्या धाकट्याच्या समोरची काच कापडाने झाकली होती. दाट धुक्यात दिसतं तेवढंच, म्हणजे काहीच नाही, त्याला दिसावं म्हणून. त्याचा सगळा भरवसा समोरच्या स्क्रीनवर. तिथे कॉम्प्युटर डोंगर, नदी, धावपट्टी काढून दाखवत होता. शेजारी त्याची ताई बसली होती आणि तिची काच उघडी होती. चित्र आणि बाहेरचं जग जुळतंय का ते बघायचं आणि वहीत खूण करायची, हे तिचं काम. आज तिची सही झाली की धुक्यातली विमानं या चित्राच्या जिवावर उतरणार होती.

सकाळ मोठी सुरेख होती. खाली ढगांचा कापूस, इंजिनाची एकसुरी गुणगुण. कुणाच्याही डोळ्यांवर झापड यावी.

स्क्रीनवर टेकडी आली. भुंडी, गोलमटोल. लहानपणी दोघं तिला टकली म्हणायची. बाबा मोजणी खात्यात होते, तिची उंची त्यांनीच मोजलेली, आणि तोच आकडा आज कॉम्प्युटरच्या पोटात होता. ताईला गलबलून आलं. वाटलं, आत्ता माथ्यावर बाबा दिसतील, दुर्बिणीला डोळा लावून, ‘पोरांनो, हलू नका’ म्हणत. टेकडी अगदी तश्शीच होती. तिने खूण करून टाकली, खिडकीबाहेर न बघताच.

“ताई, गप्प का? डुलकी लागली की काय?”

“टकली आली रे.”

“मग आणू अजून खाली? चित्रात टेकडीच्या वर जागा भरपूर आहे.”

आण, असं तिच्या तोंडावर आलं होतं, तेवढ्यात नजर बाहेर गेली. ढगातून हिरवे शेंडे वर आले होते, हात लांबवला तर लागतील इतके जवळ.

“वर घे! आधी वर घे!”

त्याने विमान वर ओढलं, कापड बाजूला केलं, मागे पाहिलं.

“बाबांचं माप चुकलं?”

“बाबा कसले चुकतात! चुकले मी.” तिने वही पुढे ओढली. “मोजणी झाल्यावर टकलीवर आपण तिघांनी रोपं नव्हती का लावली? कळशी जड म्हणून तू भोकाड पसरायचास.”

वहीतली खूण खोडून तिने लिहिलं, ‘चित्र नापास. टेकडी अंदाजे अठरा मीटर वाढली आहे.’ कशी वाढली, ते लिहायला रकाना नव्हता. धाकट्याने न सांगताच टेकडीला एक फेरी घातली, या खेपेला काच उघडी ठेवून.