रावणाच्या उजव्या डोळ्याचे मलम

शेपूट

मित्रांनो, मी खालून गुंडाळत आणलेली मलमाची एक जुनी ट्यूब आहे. आमचे आयुष्य शेपटीकडून संपत येते, म्हणून तिथूनच सांगते.

अच्युतन आशान, म्हणजे अच्युतन गुरुजी, कथकलीत रावण करतात. रावणाचे डोळे लाल हवेत, म्हणून पापणीखाली चुंडाच्या, म्हणजे वांग्याच्या जातीतल्या एका झुडपाच्या, फुलाची चिमुकली गोळी ठेवतात. एकदा उजवा डोळा दुसऱ्या दिवशीही लालच राहिला.

"बघ, फुकटात रावण!" आशान खूश.

पण डोळा खुपू लागला. बायको थंकमणींनी आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब त्यात घातले. लाली पळाली, दुखणे वाढले.

"हा विषाणू आहे, आशान," डॉक्टर सफिया म्हणाल्या. "त्या स्टेरॉइडच्या थेंबांनी त्याला मेजवानी दिलीत. बुबुळावर जखम झाली आहे; तिचा डाग पडला तर नजर जाईल."

"मग माझा रावण?"

"धृतराष्ट्र करा."

पोट

मग मी आले. दिवसातून पाच वेळा. मित्रांनो, मी गुणी, पण चिकट. मला घातले की जग ताकात बुडते. आशान खांबाला म्हणाले, "या, बसा."

"अहो, तो खांब आहे!"

"तुझ्या भावापेक्षा बरा. ऐकून तरी घेतो."

पुढे तालमीच्या दिवशी ते मला गुपचूप टाळू लागले. जखम होती तशीच राहिली. डॉक्टरांनी ओळखले आणि माझ्या जागी जेल दिले.

मान

जेल पाण्यासारखे स्वच्छ, आणि महाग. आशानांनी ते न कुरकुरता घातले. जखम भरली.

"ती पहिली ट्यूब बिनकामाचीच होती," थंकमणी म्हणाल्या.

"छे! जखम भरायला दोन्ही जवळजवळ सारखीच," डॉक्टर म्हणाल्या. "जेलनं धूसर कमी दिसतं, म्हणून यांनी घातलं. औषध कपाटात बसून काय करणार?"

मी त्यांचा मुकाच घेतला असता. पण चिकटले असते.

उत्सवात रावण उभा राहिला. उजव्या डोळ्याला फुलाची बंदी, म्हणून डावा लालभडक, उजवा पांढराशुभ्र.

"अगंबाई! डावीकडून रावण, उजवीकडून बिभीषण!" पुढची म्हातारी ओरडली. सगळे हसले.

मग त्या उजव्या डोळ्याने मंचावर नसलेला कैलास पायथ्यापासून शिखरापर्यंत पाहिला, आणि म्हातारीनेही मान वर केली.

झाकण

इतर वस्तू सांगतात, आम्हाला जपा. माझे उलटे आहे. थंकमणींनी मला डब्यात ठेवले आहे. म्हणतात, "अजून थोडं आहे. ताईचे डोळे आले तर होईल."

मित्रांनो, नका!

डोळे जपा. मला फेका.